रस्त्यावरची स्पोर्ट्‌स कार मिठाच्या मैदानावर उतरवण्यापूर्वी

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या वाटेवर माझे गॅरेज आहे. मासळीच्या क्रेटमधून ठिबकणारे बर्फाचे खारट पाणी टेम्पोच्या चेसिसची काय गत करते, हे मी वीस वर्षे रोज पाहतो आहे. वरून रंग चकचकीत असतो आणि खाली पाना लावला की बोल्टचे डोके बिस्किटासारखे तुटून हातात येते. अमेरिकेतील युटा राज्यात राहणाऱ्या माझ्या आतेभावाने जुनी दोन आसनी स्पोर्ट्‌स कार घेऊन ती बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पळवायचे ठरवले, तेव्हा त्याने मला मदतीला बोलावले ते इंजिनाच्या कामासाठी नव्हे, तर "मिठाचं तुला कळतं, दादा, तू ये" एवढ्यासाठी. मी दोन वेळा गेलो. तेव्हापासून चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतची गाड्यांचे वेड असलेली मुले या तयारीविषयी विचारत असतात आणि हे लेखन त्यांच्यासाठीच आहे.

नवशिका माणूस बहुधा इंजिनापासून सुरुवात करतो. माझा आग्रह असा की इंजिनाला सर्वांत शेवटी हात लावावा. आधी मैदान समजून घ्यावे, मग नियम वाचावेत, मग चालकाचा जीव सुरक्षित करावा, मग गाडी सरळ रेषेत धावेल असे पाहावे, मग मिठाचा बंदोबस्त करावा, आणि एवढे झाल्यावर वेळ व पैसा उरला तर शक्ती वाढवावी.

मैदान कसे तयार होते

शिरोड्याची मिठागरे १९३० च्या सत्याग्रहामुळे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. आगरात भरतीचे पाणी घ्यायचे, ते उन्हात आटवायचे आणि तळाशी बसलेले मीठ ओढायचे, ही रीत ज्याने पाहिली आहे त्याला बॉनव्हिल समजायला वेळ लागत नाही. एका प्राचीन सरोवराच्या तळाशी उरलेल्या या मैदानावर हिवाळ्यात पाण्याचा उथळ थर साचतो, उन्हाळ्यात तो आटतो, आटताना वारा त्याला सपाट करतो आणि मागे मिठाचा कडक पापुद्रा राहतो. त्याखाली ओलसर गाळ असतो. म्हणून हे मैदान दरवर्षी नवे असते आणि एखाद्या वर्षी तयारच होत नाही. ऑगस्टमध्ये भरणारा तिथला मुख्य मेळावा, म्हणजे स्पीड वीक, २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे मैदान धावण्याजोगे नसल्याने रद्द झाला आणि २०२२ मध्येही पावसाच्या पाण्याने तेच झाले. विमानाचे तिकीट काढताना ते बदलता येईल असेच काढावे, हा माझा पहिला व्यावहारिक सल्ला आहे.

हे सगळे वाचून कोणाच्या मनात आपल्या किनाऱ्यावर सराव करण्याचा विचार येईल, म्हणून तेही सांगून टाकतो. वाळूवर वेगाचे विक्रम झाले आहेत, हे खरे. माल्कम कॅम्पबेलने मार्च १९३५ मध्ये फ्लोरिडातील डेटोनाच्या पुळणीवर ताशी २७६ मैलांचा वेग गाठला, पण पुळण अपुरी पडते हे ओळखून तो त्याच वर्षी सप्टेंबरात बॉनव्हिलला गेला आणि तिथे ताशी ३०१ मैल, म्हणजे सुमारे ४८४ किलोमीटर, धावला. आपल्याकडे सुट्टीच्या हंगामात भरतीत रुतलेली गाडी दोरखंडाने ओढून काढावी लागल्याची बातमी दरवर्षी येते, आणि वेळास व आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पुळणीवर गाडी घालू नये. कच्छच्या रणातील पांढरे मैदान चित्रात तसेच दिसत असले तरी त्याच्या पापुद्र्याखाली चिखल आहे, तेव्हा तोही मार्ग नाही. सराव बंदिस्त रेस ट्रॅकवरच करावा.

नियमपुस्तक आणि वर्ग

स्पीड वीक भरवणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ मध्ये स्थापन झाली आणि बॉनव्हिलवरचा तिचा पहिला मेळावा १९४९ मध्ये झाला. तिचे नियमपुस्तक सुधारून निघत असते. चालू वर्षाचे पुस्तक विकत घ्यावे आणि गाडी घेण्याआधी वाचावे, कारण गाडी कोणत्या वर्गात बसते यावर तिच्यात काय बदलता येते हे ठरते. इंजिनाच्या घनमापानुसार अक्षरे दिलेली असतात, सर्वांत मोठ्याला दुहेरी ए आणि मग उतरत्या क्रमाने पुढची अक्षरे. त्याला गाडीच्या प्रकाराचा दुसरा भाग जोडला जातो. ज्या वर्गात गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवायची असते, तिथे पुढच्या बंपरखाली लावलेली एक साधी पट्टीसुद्धा तुम्हाला दुसऱ्या, कितीतरी अवघड विक्रमाच्या वर्गात ढकलू शकते.

पहिल्या खेपेसाठी मात्र मी विक्रमाचा नाद सोडायला सांगेन. युटा सॉल्ट फ्लॅट्स रेसिंग असोसिएशनच्या सप्टेंबरमधील मेळाव्यात रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ताशी १३० मैलांचा आणि १५० मैलांचा असे दोन क्लब, म्हणजे तेवढा वेग गाठणाऱ्यांचे गट, असतात. १३० मैल म्हणजे सुमारे २०९ किलोमीटर आणि १५० मैल म्हणजे २४१. पहिल्यासाठी सुरक्षिततेच्या अटी तुलनेने सौम्य असतात, दुसऱ्यासाठी बऱ्याच कडक होतात. नवशिक्याने १३० पासून सुरुवात करावी. इथली गाडी जहाजाने तिकडे पाठवण्याचा विचारही पहिल्या वेळी करू नये. तिथल्या नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या नावे तिथेच जुनी गाडी घेणे सोपे पडते.

चालकाचा जीव

वेग वाढत जातो तशा अटी वाढतात: रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी चालकाला वाचवणारा पोलादी नळ्यांचा पिंजरा, पाच किंवा अधिक टोकांचे पट्टे, स्नेल संस्थेचे एसए प्रमाणपत्र असलेले हेल्मेट, आगीपासून वाचवणारा पोशाख, हातमोजे व बूट, खिडकीची जाळी, आग विझवण्याची पक्की बसवलेली यंत्रणा आणि आणखी वरच्या वेगाला पॅराशूट. मोटारसायकलचे हेल्मेट चालत नाही, कारण त्याच्या अस्तराची आगीसाठी परीक्षा झालेली नसते.

रोल केजच्या बाबतीत आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो. १५० च्या क्लबसाठी आतेभावाने एका वर्कशॉपमधून पिंजरा करून घेतला होता. दिसायला तो सुबक होता आणि त्यावर काळा रंगही चढवलेला होता. मैदानावरच्या तपासनिसाने दाराच्या बाजूने हात आत घातला, दंतवैद्याकडे असतो तसला छोटा गोल आरसा छताच्या पत्र्याला लागून असलेल्या सांध्यामागे धरला आणि काही न बोलता मला त्यात पाहायला सांगितले. वेल्डिंगची रेघ नळीच्या तीन बाजूंनी आली होती. चौथ्या बाजूला, जिथे वेल्डिंगचा टॉर्च पोहोचला नव्हता, तिथे नुसता रंग होता. त्या दिवशी गाडी धावली नाही. जे उलटण्याच्या क्षणी उघडे पडले असते ते आरशात दिसले, म्हणून मी त्या तपासनिसाचा आजही ऋणी आहे. पिंजरा करून घेताना प्रत्येक सांधा रंगाआधी, आरसा धरून, स्वतः पाहावा.

लहान वाटणाऱ्या गोष्टीही तितक्याच कसून तपासल्या जातात. बॅटरी धातूच्या पट्टीने व बोल्टने जखडलेली हवी, रबरी दोरीने नव्हे. वीजप्रवाह तोडणारा मुख्य स्विच बचाव पथकाला बाहेरून सापडेल असा हवा. चाकात हवा भरण्याच्या व्हॉल्व्हवर धातूची टोपणे हवीत, कारण मोठ्या वेगात व्हॉल्व्हची आतली पिन बाहेरच्या दिशेने ओढली जाऊन हवा सुटू शकते. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टभोवती पोलादी कडे हवे, म्हणजे शाफ्ट तुटला तरी तो जमिनीत रुतून गाडी उलटवणार नाही. ॲक्सिलरेटर परत खेचणारी स्प्रिंग एकाऐवजी दोन असाव्यात.

पट्टे बांधलेल्या स्थितीतून चालक कोणाच्याही मदतीशिवाय बाहेर पडू शकतो का, हेही तपासले जाते. हा सराव घरी होतो आणि फुकट होतो. मी सुट्टीवर आलेल्या आतेभावाला आमच्या चिऱ्याच्या अंगणात, एका जुन्या गाडीत, डोळ्यांवर पंचा बांधून बसवले होते. पट्ट्यांची कळ, जाळीचा खटका, दाराचा दांडा, हा क्रम हाताला डोळ्यांवाचून पाठ व्हायला त्याला पंधरा-वीस वेळा करावे लागले. धुराने काही दिसेनासे झाले की हाताला पाठ असलेलेच उपयोगी पडते.

टायर, वजन आणि सरळ रेष

टायरच्या कडेवरील वेगाचे अक्षर आधी वाचा. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३००. १३० मैलांच्या धावेला एच जेमतेम पुरतो, म्हणून व्ही किंवा त्यावरचा घ्यावा. शेजारच्या शेवटच्या चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा व वर्ष असते. जुना टायर कितीही कोरा दिसला तरी वापरू नये. चाकांची प्लॅस्टिकची झाकणे काढावीत आणि समतोलाची शिशाची वजने सुटणार नाहीत याची खात्री करावी.

सर्किटवर गाडी हलकी करतात. इथे मात्र वजन कामाला येते. मिठाची पकड पावसातल्या डांबरी रस्त्याइतकी किंवा त्याहून कमी असते, आणि हलक्या गाडीची चाके नुसती गरगरतात. म्हणून अनेक जण मुद्दाम वजन घालतात, मात्र ते चेसिसला बोल्टने पक्के करून आणि नियमात बसेल तिथेच. गाडीवर हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्याच्या मागे असावा लागतो. बाणाची पिसे मागे का असतात, हे आठवावे. नुसते मागच्या चाकांवर ओझे लादून गुरुत्वमध्य मागे सरकवला, तर पकड मिळते पण गाडीची शेपटी पुढे येऊ पाहते. पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित खाली ठेवावी, म्हणजे नाकाखाली हवा शिरून स्टीअरिंग हलके पडत नाही. चाकांचे अलाइनमेंट सरळ धावण्यासाठी करून घ्यावे आणि मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन्ही बाजूंच्या चाकांना वाटून देणारा दात्यांचा डबा) असल्यास उत्तम, कारण एकच चाक जोर लावू लागले तर गाडी एका बाजूला ओढते.

गिअरचे गणित

हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण कागद आणि पेन्सिलीवर होणारे हे काम हजारो रुपये वाचवते. समजा टायरचा परीघ १.८ मीटर आहे, वरच्या गिअरचे व डिफरन्शियलचे मिळून एकूण गुणोत्तर ३.५ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या साडेतीन फेऱ्या होतात, आणि इंजिन मिनिटाला ६५०० फेऱ्यांपर्यंत सुरक्षित फिरते. ६५०० ला ३.५ ने भागले की चाकाच्या १८५७ फेऱ्या येतात, त्यांना १.८ ने गुणले की मिनिटाला ३३४३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २०० किलोमीटर. हा झाला कागदावरचा वेग. मिठावर चाके किमान पाच टक्के घसरतात असे धरले, तर हाती १९० उरतात. म्हणजे इंजिन कितीही जोरदार असले तरी या गाडीला २०९ गाठताच येणार नाही. उलट बाजूने हिशेब करा. घसरण धरून २०९ हवे असतील तर कागदावर २२० हवेत, आणि त्यासाठी गुणोत्तर ३.१९ च्या आसपास आणावे लागेल. डिफरन्शियलचे दाते बदलून किंवा नियमात बसत असेल तर मोठ्या व्यासाचा टायर घालून हे साधते. गुणोत्तर असे लांब केले की गाडी जागेवरून उठायला जड जाते. अशा वेळी तिला दुसऱ्या गाडीने मागून ढकलून सुरुवात करून देण्याची तिथे पद्धत आहे.

शक्ती किती लागेल याचा अंदाजही असाच काढता येतो. हवेचा रोध ओलांडण्याची शक्ती वेगाच्या घनाने वाढते. समुद्रसपाटीवरची रत्नागिरी आणि सुमारे १२८० मीटर उंचीवरचे, ऑगस्टच्या उन्हात तापलेले बॉनव्हिल यांच्या हवेच्या घनतेत सुमारे १५ टक्क्यांचा फरक पडतो. विरळ हवेमुळे रोध कमी होतो, पण टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्तीही तितकीच घटते. हे सगळे धरून, बेताच्या आकाराच्या दोन आसनी गाडीला माझ्या हिशेबाने १३० मैलांसाठी इंजिनाची मूळ क्षमता १५० अश्वशक्तीच्या आसपास लागते आणि १५० मैलांसाठी २२० च्या. वीस मैलांसाठी सत्तर घोडे. खिडक्या पूर्ण बंद करणे, वर्गात चालत असल्यास बाजूचे आरसे काढणे, पुढच्या जाळीचा काही भाग पट्टीने झाकणे, उघड्या गाडीवर पक्के छत बसवणे, यांतून त्यातले बरेच घोडे स्वस्तात मिळतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत विरळ हवेसाठी लहान जेट, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोट्या, घालावे लागतात. इंजेक्शनची गाडी हे बहुतांशी स्वतः सांभाळते. इंजिनाविषयी पहिल्या वर्षी याहून जास्त करू नये.

मिठाला आत शिरू न देणे

मैदानावरचे मीठ कोरड्या पिठासारखे नसते. ते किंचित ओले असते, चाकाने उडून मडगार्डच्या आत थापले जाते आणि तिथे सिमेंटसारखे बसते. खारट ओल विजेची वाहकही असते, त्यामुळे उघडा कनेक्टर गंजायच्या आधीच दगा देतो.

निघण्यापूर्वी गाडी खालून धुऊन पूर्ण वाळवावी. मग प्रत्येक वायरिंग कनेक्टर उघडून त्यात विजेच्या जोडांसाठी असलेले ग्रीस भरावे आणि बॅटरीच्या टोकांना, आपले मचवेवाले लावतात तशी, पेट्रोलियम जेली चोपडावी. खाली जे जे नट-बोल्ट पुन्हा उघडावे लागणार आहेत ते एकदा सोडवून, आटे न चिकटू देणारी पेस्ट लावून परत बसवावेत. ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे एकमेकांना टेकतात तिथे विशेष लक्ष द्यावे, कारण खाऱ्या ओलीत या दोन धातूंची जणू बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. दारांच्या पोकळ्यांत आणि उंबऱ्यांच्या पत्र्यात मेण फवारावे. मात्र ब्रेकच्या डिस्कवर किंवा सायलेन्सरवर यातला एक थेंबही जाता कामा नये. गालिचे काढून टाकावेत. हवा ओढणारी नळी खाली असेल तर ती वर घ्यावी.

मैदानावरचा दिवस

थांबण्याच्या जागी गाडीखाली ताडपत्री अंथरणे आवश्यक असते, कारण तेलाचा थेंब मिठावर पडू द्यायचा नाही. ऊन वरून येते तसेच खालूनही येते. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडांनासुद्धा मलम लावावे लागते, हे मला पहिल्या दिवशी संध्याकाळी कळले. पाणी, सावली आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, यांत काटकसर नको.

गाडीत बसण्यापूर्वी बुटांचे तळ फडक्याने स्वच्छ पुसावेत, नाहीतर ओल्या मिठाने पाय पेडलवरून निसटतो. निघताना ॲक्सिलरेटर हळूहळू दाबावा. चाक फिरले की ते पापुद्रा खणते आणि मागून येणाऱ्याचाही मार्ग बिघडतो. पहिली दोन मैल वेग घेण्यासाठी असतात आणि पुढच्या अंतराची वेळ मोजली जाते, तेव्हा घाई करण्याचे कारण नसते. गाडी डुलू लागली तर स्टीअरिंगशी झटापट करू नये आणि पाय एकदम उचलूही नये, कारण एकदम पाय उचलणे म्हणजे मागच्या चाकांना ब्रेक लावण्यासारखेच असते. गाडी फिरलीच तर क्लच दाबून तिला आपोआप थांबू द्यावे. अंतर पार झाल्यावरही वेग हळूहळू उतरवावा, ब्रेक अगदी शेवटी, आणि मगच ठरवून दिलेल्या बाजूला वळावे.

परतल्यावर

धुण्याची घाई पाण्याने करू नये. आधी लाकडी उलथन्याने किंवा पट्टीने थापलेले मीठ कोरडेच खरवडून काढावे, कारण थेट पाणी मारले की तेच मीठ विरघळून पत्र्याच्या घड्यांत शिरते. मग भरपूर गोडे पाणी, आणि तेही खालून वर. तिथले जाणकार बागेत पाणी शिंपडणारे कारंजे गाडीखाली ठेवून ते तासन्‌तास चालू ठेवतात आणि अधूनमधून जागा बदलतात. आम्हीही तसेच केले. मडगार्डचे अस्तर, ब्रेकचे ड्रम आणि खालची संरक्षक पत्रे उघडून पुन्हा धुवावीत, गाडी उन्हात वाळवावी आणि आठवड्याने हे सगळे परत एकदा करावे. ज्या ट्रेलरवरून गाडी आणली त्यालाही यातून वगळू नये.

युटाच्या कोरड्या हवेत राहून गेलेले मीठ निपचित पडून असते. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून आपोआप विरघळू लागते. आषाढात घरच्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते यामुळेच. माझ्या पान्यांची पेटी पहिल्या वर्षी मी तिथून नुसती पुसून आणली. खणांच्या कोपऱ्यांत पांढरी भुकटी होती, पण पाने लखलखीत होते, म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिले नाही. पुढच्या जूनमध्ये पेटीचा तळ ओला दिसला आणि गणपतीपर्यंत बारा आणि तेरा नंबरचे पाने तांबूस होऊन एकमेकांना चिकटले. दुसऱ्या वर्षी पेटी तिथेच गरम पाण्याने धुतली, घरी आल्यावर प्रत्येक पाना पुन्हा धुऊन चुलीशेजारी वाळवला आणि मृगाच्या आधी तेलाचे फडके फिरवून ठेवला. हेल्मेटच्या पट्ट्यांच्या कड्या, जॅकचा स्क्रू आणि गाडी ओढण्याची साखळी यांनाही त्याच दिवशी तेल लावून घ्यावे.